कोरी दारं

२ तारीख, सोमवार

संसद बरखास्त झाली. सकाळी रेडिओवर ऐकलं तेव्हा मी पाणी गाळत होते. दुपदरी फडक्यातून गाळलं तरी पातेल्याच्या तळाशी पिवळा गाळ बसतो, म्हणून आता फडकं चौपदरी करते. हे दाढी करता करता म्हणाले, "झालं. आता महिनाभर तुझे पाय घरात ठरायचे नाहीत." मी म्हटलं, देशाचा प्रश्न आहे. तर म्हणाले, "बरं बाई. देश तू चालव, दूध मी आणतो."

संध्याकाळी पक्षाच्या शाखेत सगळे जमलो. अध्यक्ष अर्धा तास बोलले. वरचं सरकार मजबूत हातात राहिलं पाहिजे, शेजारी देश टपून बसलेत, अशा वेळी नळाला पाणी कसं येतं हे बघत बसायचं नसतं. हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं, कारण आमच्या वॉर्डातल्या पाण्याचा विषय मागच्या बैठकीत मीच काढला होता. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. देशाचं बरं चाललंय. बिघडलंय ते गावात, खालच्या लोकांमुळे. नेत्यांनी पंपहाऊससाठी मंजुरी दिली, ती खाली येता येता कुठे मुरली ते त्यांना तिथे बसून कसं कळणार?

या शाखेवर माझा जीव आहे. लग्नानंतर कित्येक वर्षं सासरी मी सगळ्यांची पानं वाढली आणि सगळे उठल्यावर बसले. शाखेत पहिल्यांदा गेले तेव्हा अध्यक्षांनी स्वतः खुर्ची ओढली आणि म्हणाले, बसा ताई. एवढंच. पण त्या दिवसापासून मी तिथली आहे.

५ तारीख, गुरुवार

घरभेटी सुरू. पिशवीत पत्रकं, पाण्याची बाटली आणि खडू.

आमच्या शाखेची ही जुनी पद्धत आहे, बाहेर कुणाला माहीत नसेल. दारातून परत फिरताना चौकटीवर, खाली, गुडघ्याच्या उंचीला, खडूनं खूण करायची. आपला माणूस असेल तर टिंब. विरोधातला असेल तर रेघ. अजून ठरलेलं नसेल तर गोल. दार उघडलंच नाही तर काही काढायचं नाही, कोऱ्या दाराकडे पुन्हा जायचं असतं. यामागे वाईट काही नाही. रेघेच्या घरी दुसरा कार्यकर्ता जाऊन डोकं खात नाही, वाद होत नाही, आजारी माणसाला उगाच दारापर्यंत यावं लागत नाही. मी तर ही खूण म्हणजे माणुसकीच समजते. स्वतःच्या दारावर मात्र कार्यकर्त्यानं काही काढायचं नाही. माझ्या दारावर पक्षाचा झेंडा आहे, तो पुरे.

मागच्या गल्लीत धाकटीचं घर आलं. माझी सख्खी बहीण, पण मी तिच्या दारावर रेघ काढली, कारण तिचे यजमान काय आहेत ते आख्ख्या वॉर्डाला माहीत आहे. मेहुणे कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीत त्यांचं काम, मागे संसार. निम्म्या वॉर्डातली म्हातारी माणसं त्यांच्या दातांनी जेवतात. आमच्या अध्यक्षांची वरची कवळीसुद्धा त्यांचीच. मेहुणे म्हणतात, "सरकारची बाजू मांडणारे दात मीच घडवलेत, माझी देशभक्ती कमी समजू नका."

मी खाली वाकून रेघ काढत होते तर ते हातातला साचा तसाच घेऊन बाहेर आले. "ताई, जरा सरळ काढा हो. वाकडी दिसली तर लोक म्हणतील या घरात एकमत नाही."

मी हसले. धाकटी हसली नाही. ती आतून म्हणाली, "आपल्याच माणसाच्या दारावर काय गं ताई, जनगणनेवाल्यांसारखं?" मी म्हटलं, अगं, उलट आता तुमच्याकडे कुणी फिरकणार नाही, निवांत बसा.

९ तारीख, सोमवार

मुख्यालयातून निरीक्षक आले. वय असेल पस्तिशीचं, बोलणं इतकं हळू की पुढे झुकून ऐकावं लागतं. सगळ्यांना अहो-जाहो करतात. चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. त्यांच्यासोबत पाच-सहा माणसं आहेत, ती आत येत नाहीत, जिन्यात उभी असतात.

वरून जमावबंदी लागू झाली आहे. मला सुरुवातीला ते खटकलं. निवडणूक आहे आणि लोकांनी जमायचं नाही? पण निरीक्षकांनी समजावलं की बंदी गडबड करणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. घरी येऊन ह्यांना तेच सांगितलं. हे म्हणाले, "मग बंदीच्या कागदावर तसं लिहिलंय का?" ह्यांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

निरीक्षकांना आमच्या खुणांची पद्धत फार आवडली. पुढच्या दोन गल्ल्या स्वतः फिरून आले, चौकटींचे फोटो काढले. मला म्हणाले, "ताई, एवढं शिस्तीचं काम मी कुठे पाहिलं नाही." संध्याकाळभर ते वाक्य मनात घोळत होतं. लिहायला लाज वाटते, पण घोळत होतं.

१२ तारीख, गुरुवार

मेहुण्यांचं खूळ आता वाढलंय. गेले कित्येक आठवडे ते रोज सकाळी नळाचं पहिलं पाणी एका बाटलीत भरतात, तारखेची चिठ्ठी चिकटवतात आणि खिडकीत मांडतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं. आधी फिक्या चहासारखं, मग हळदीसारखं, आता तळाशी काळं. आता त्यांनी गल्लीत निरोप फिरवला आहे की सोमवारी प्रत्येकानं आपापली बाटली घेऊन पंपहाऊसवर यायचं. जमावबंदी आहे म्हटलं तर म्हणाले, जमाव कुठे, एकेक जण जाईल, बाटली ठेवेल, परत येईल.

मी तावातावानं गेले होते. त्यांना म्हटलं, तुम्ही नळाचं निमित्त करून देशाच्या सरकारवर उठलात. ते कवळीला पॉलिश करत होते, त्यांनी हात थांबवला नाही. त्यांचं म्हणणं असं की सरकार वरचं असो की खालचं, पाणी एकच येतं. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पाणी कसं येतं ताई?

मी म्हटलं, आमच्याकडे बरं येतं.

धाकटी स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. परवाच तिनं आमच्या ओट्यावर चौपदरी फडकं वाळत घातलेलं पाहिलं होतं.

१४ तारीख, शनिवार

आज जे केलं ते पक्षाच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून इथेच लिहिते आहे.

दुपारी बैठक होती. निरीक्षकांनी वॉर्डाचा नकाशा भिंतीवर लावला होता. म्हणाले, सोमवारचा प्रकार होऊ द्यायचा नाही. त्याआधी काही घरांना समज द्यायची. समज म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. ते हळूच म्हणाले, "समज म्हणजे समज." जिन्यातल्या माणसांपैकी एक जण दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हाताचे पंजे भाकरीएवढे होते.

मग निरीक्षक म्हणाले, आता खुणांकडे येऊ. आधी रेघा.

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं ते मागच्या गल्लीवर. तिथेच, धाकटीच्या दारावर, माझी रेघ. मी वाकून, नीट, सरळ काढलेली.

मला पुढचं ऐकवेना. चहाचं बघते, असं सांगून मी उठले. मागच्या जिन्यानं उतरले आणि तशीच चालत सुटले. नळकोंडाळ्यावर रुमाल ओला केला. धाकटीच्या दाराशी कुणी नव्हतं. आत मेहुण्यांचं यंत्र घरघरत होतं. मी उकिडवी बसून रेघ पुसली. खडू लाकडाच्या भेगांत बसतो, नखानं काढावा लागला. पुसून झाल्यावर चौकट इतकी स्वच्छ दिसत होती की जणू त्या दाराशी कधी कुणी आलंच नाही.

मागे वळले तर धाकटी उभी, हातात भाजीची पिशवी. मी रुमाल मुठीत लपवला. मीच म्हटलं, दोन दिवस माझ्याकडे राहायला या. ती म्हणाली, "ह्यांना कोण सांगणार?"

परत गेले तेव्हा बैठक संपली होती. सगळे चहा पीत होते. काय ठरलं ते विचारायचा धीर झाला नाही. उठून गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं असतं तर? अध्यक्ष म्हणाले, तुम्ही काळजी करू नका ताई, सगळं व्यवस्थित ठरलंय.

आज किती दिवसांनी जेवण गोड लागलं.

१५ तारीख, रविवार

सुट्टी. ह्यांचे शर्ट इस्त्री केले. नेत्यांचं भाषण रेडिओवर लागलं होतं. म्हणाले, या देशातल्या शेवटच्या माणसाच्या डोळ्यातलं पाणीही मला दिसतं. मला भरून आलं. असा माणूस वर आहे आणि खाली त्याच्या नावावर हे लोक काय करतात ते त्याला कुणी सांगत नाही.

१६ तारीख, सोमवार

सकाळी दहाच्या सुमाराला धाकटी अनवाणी आली आणि तशीच मागे पळाली. हे तिच्या मागे धावले, मी त्यांच्या मागे.

खिडकी नव्हती. बाटल्या फुटून पुढच्या खोलीत सगळं पिवळं पाणी, काचा आणि त्यात दात. साच्यांमधले, कवळ्यांमधले, सुटे. मेहुणे कामाच्या टेबलाशी खाली बसले होते. टेबलाला कवळ्या धरायचा छोटा शिकंजा असतो. आलेल्या माणसांनी त्यांचा उजवा हात त्यात घालून दांडा फिरवला होता.

यापुढचं आज लिहवत नाही.

१८ तारीख, बुधवार

रुग्णालयातून मेहुण्यांना आमच्याकडे आणलं. तीन बोटांची हाडं चुरली आहेत. डॉक्टर म्हणाले, हात राहील. काम होईल का, असं धाकटीनं विचारलं, तर त्यांनी दुसऱ्या खाटेकडे जायची घाई केली.

मला एकच गोष्ट कळत नाही. गल्लीत रेघांची घरं बाकीही आहेत. लाँड्रीवाल्याचं आहे, निवृत्त पोस्टमनचं आहे. तो पोस्टमन तर दिवसभर ओट्यावर बसून सरकारला शिव्या घालतो. त्यांच्या दारावरच्या रेघा तशाच आहेत. मी मुद्दाम जाऊन पाहिल्या. त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. आणि ज्या दारावर काहीच नव्हतं तिथे गेले. म्हणजे कुणीतरी बोट दाखवलं. खिडकीतल्या बाटल्या पाहून गेले म्हणावं, तर शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या बहिणींनाही धक्काबुक्की झाली, त्यांच्या खिडकीत तर कुंड्याच आहेत. दोघींनाही ऐकू येत नाही. मी तिथे दोनदा गेले होते, त्यांनी दारच उघडलं नव्हतं.

अध्यक्षांना विचारायला गेले. ते म्हणाले, फार वाईट झालं, चौकशी करतो. खुर्ची त्यांनी ओढली नाही. कामात होते.

२१ तारीख, शनिवार

दुपारी धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. मी पाणी गाळत होते. तिनं फडक्याचं दुसरं टोक धरलं. लहानपणी आम्ही दोघी आईची साडी अशीच दोन टोकांना धरून पिळायचो.

"ताई, त्या दिवशी तू काय करत होतीस ते मी पाहिलं होतं."

मी फडकं पिळत राहिले.

"तू पुसलंस म्हणून एवढ्यावर निभावलं. रेघ असती तर जिवंत सोडलं नसतं ह्यांना." मग तिनं माझ्या दंडावर कपाळ टेकवलं. "सगळे म्हणतात तुझ्या बहिणीनं केलं. मी सांगते, माझ्या बहिणीनं वाचवलं."

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा रडू आलं. पक्षाच्या शिस्तीपेक्षा मोठं काहीतरी आपल्या हातून झालं असं वाटलं. नेत्यांना पत्र लिहायचं ठरवलं आहे. निरीक्षक आणि त्यांची माणसं पक्षाचं नाव घालवताहेत हे वर कळायला हवं.

२४ तारीख, मंगळवार

मतदान. शांततेत झालं. रस्ते इतके शांत की आपलीच पावलं ऐकू येत होती. मी मत दिलं. कुणाला, ते विचारायचं कारण नाही, दुसरं कुणाला देणार? मेहुणे डाव्या हाताची शाई दाखवत घरी आले. "ही बोटं अजून शाबूत आहेत," म्हणाले. पंपहाऊसवर एकही बाटली नव्हती.

२६ तारीख, गुरुवार

जिंकलो. देशातही आणि वॉर्डातही. शाखेसमोर सगळे नाचत होते.

चार वाजता अध्यक्ष आमच्या घरी आले. एकटेच, तोंडावर रुमाल धरून. संध्याकाळी विजयसभा, आणि वरची कवळी हिरडीला इतकी टोचत होती की ती घालून बोलता येईना. त्यांनी ती रुमालातून काढून टेबलावर ठेवली आणि मेहुण्यांकडे बघितलं. दातांवाचून त्यांचा चेहरा एखाद्या तान्ह्या बाळासारखा दिसत होता.

मला वाटलं, मेहुणे त्यांना हाकलून देतील. मी त्यांच्या जागी असते तर हाकललं असतं. पण ते म्हणाले, "दुखतंय ना. आणा इकडे. ताई, तुमचा हात लागेल मला."

काम मी केलं. ते सांगत गेले. जांभळी पेन्सिल ओली करून अध्यक्षांच्या हिरडीवर, जिथे लाल झालं होतं तिथे, टिंब काढायचं. कवळी बसवायची, दाबायची, काढायची. तिच्या आतल्या गुलाबी भागावर जांभळी खूण उमटते. तेवढंच कानशीनं घासायचं.

"जिथे खूण दिसेल तिथेच, ताई. बाजूला अजिबात नको. खूण चुकली की चांगला भाग झिजतो आणि दुखायचं ते दुखतच राहतं."

कानस एकदा घसरली. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. तीनदा बसवून पाहिलं. शेवटी अध्यक्षांनी तोंड मिटलं, उघडलं, दात वाजवले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बहुधा खरंच आलं. मेहुण्यांच्या बँडेजकडे बघून ते म्हणाले, "हे व्हायला नको होतं हो. नुसती चूक झाली."

मी विचारलं, कुणाची?

"बाहेरची माणसं, त्यांना आपली पद्धत काय माहीत. त्या दिवशी बैठकीत ठरलं की रेघांना हात लावायचा नाही. रेघवाले माहितीतले, त्यांना काही झालं तर बोभाटा होतो. निरीक्षक म्हणाले, जो दारच उघडत नाही तो खरा छुपा. कोरी दारं आधी घ्या." ते माझ्याकडे वळले. "मी तर निर्धास्त होतो ताई. म्हटलं, तुमच्या बहिणीचं घर, तुम्ही रेघ काढली असणारच. रेघ असती तर त्या दाराकडे कुणी बघितलंसुद्धा नसतं."

बोलणं अगदी स्पष्ट होतं. कवळी छान बसली होती.

धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो जपून खाली ठेवला. एकही कप हिंदकळला नाही. मग ती आत गेली आणि कपड्यांची घडी घालायला लागली.

मी सभेला गेले नाही. भाषण मात्र खिडकीतून ऐकू येत होतं, शब्दन् शब्द.

२७ तारीख, शुक्रवार

ते दोघं सकाळीच गेले. खिडकीला पुठ्ठा लावून राहतील म्हणे. मेहुणे निघताना म्हणाले, "ताई, तुम्ही चांगलं म्हणूनच केलंत, मला माहीत आहे." धाकटी पायरी उतरून रस्त्याला लागली होती. तिनं वळून पाहिलं नाही. हे पिशव्या पोहोचवायला गेले आणि उशिरा आले.

नेत्यांना पत्र लिहायला बसले. 'आदरणीय' लिहिलं. पुढे काय लिहायचं? निरीक्षकांनी कोरी दारं सांगितली. दार कोरं कुणी केलं?

तरी मला अजून वाटतं की वर हे माहीत नसणार. तेवढं वाटू द्यावं.

३० तारीख, सोमवार

शाखेतून दोनदा बोलावणं आलं. डोकं दुखतंय असं कळवलं.

सकाळी दूध घेऊन हे आत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "अगं, आपल्या दारावर कुणीतरी काहीतरी काढलंय."

मी जाऊन बघितलं. झेंड्याच्या खाली, चौकटीवर, गुडघ्याच्या उंचीला, खडूचा गोल. घाईत काढलेला नव्हता. सावकाश, दाबून काढला होता, आणि वरच्या बाजूला दोन टोकं जुळायची राहिली होती. धाकटीला लहानपणापासून गोल पुरा करता येत नाही. पाटीवर शून्य काढलं तरी वर फट राहायची आणि ती बुजवायला मी तिचा हात धरायचे.

मी तिथेच पायरीवर बसले. गोल म्हणजे अजून ठरलेलं नाही. तिचं माझ्याबद्दल की माझं कशाबद्दल, ते तिला विचारायला हवं, आणि तिच्या दाराशी जायचा धीर अजून मला होत नाही.

हे आतून ओलं फडकं घेऊन आले आणि खाली वाकले. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, आत गेले, चौपदरी घडी घातली आणि नळाखाली पातेलं लावलं.